रिकाम्या आसनाची फेअरलेडी

विचारणा थोडक्यात अशी आहे. मामा दुबईला नोकरीला होते. 1985 च्या सुमारास सुट्टीवर येताना त्यांनी एक काळी-पांढरी पोलीस गाडी आणली होती. तिचे भाग ओढून-फिरवून यंत्रमानव होतो. आता चिपळूणच्या घराचा माळा आवरताना ती सापडली. पोटावर टाकारा, जपान आणि 1980, 1982 अशी वर्षं उमटवलेली आहेत. पांढरा रंग जागोजागी पिवळा पडलाय, छपराचा एक खांब तुटलाय, क्षेपणास्त्रं नाहीत. दार उघडलं की आत बसायची जागा दिसते, पण चालक नाही. तो हरवला का? गाडी 1980 ची आहे का, अस्सल आहे का, दुरुस्त कशी करावी, आणि सहा वर्षांच्या मुलाच्या हातात द्यावी का?

चालकापासून सुरुवात करतो, कारण बाकीच्या बऱ्याच प्रश्नांची उत्तरं त्या रिकाम्या आसनातूनच निघतात. चालक हरवलेला नाही. तुमच्या मामांनी आणलेल्या खोक्यात तो बहुधा नव्हताच. पण ज्यांनी ही गाडी घडवली त्यांनी ती त्याच्यासाठीच घडवली होती.

जपानच्या टाकारा कंपनीने 1980 मध्ये डायाक्लोन नावाची खेळण्यांची मालिका काढली. तिची कल्पना अशी की वारुडर नावाचे परग्रहावरचे आक्रमक पृथ्वीवर चालून आलेत आणि माणसं मोठमोठी यंत्रं चालवून त्यांच्याशी लढताहेत. ही माणसं म्हणजे जेमतेम इंचभर उंचीच्या बाहुल्या. त्यांच्या पायात लोहचुंबक बसवलेला, त्यामुळे धातूच्या भागावर त्या उभ्या राहत. सुरुवातीची यंत्रं अवकाशयानांसारखी होती. 1982 मध्ये याच मालिकेत कार रोबो आले, म्हणजे रस्त्यावर दिसणाऱ्या खऱ्या गाड्या, ज्यांचा यंत्रमानव होतो. तोवर यंत्रमानव होणारं खेळणं म्हटलं की कुठल्या तरी काल्पनिक विमानाचा राक्षस व्हायचा. इथे मात्र जपानी मुलाच्या बाबांनी दाराशी लावलेली गाडी उभी राहत होती. होंडा सिटी टर्बो, टोयोटा हायलक्स, निसान चेरी व्हॅनेट, मित्सुबिशीची जीप, आणि तुमच्या हातात आहे ती निसानचीच स्पोर्ट्स कार, फेअरलेडी झेड. सोबत स्वप्नातल्या गाड्याही होत्या: लॅम्बोर्गिनी काऊंटाश, पोर्शे 935, लॅन्शिया स्ट्रॅटोस, लिजिएची फॉर्म्युला वन.

गाडी माणसाने चालवायची, तर बसायला जागा हवी. म्हणून दारं उघडतात, म्हणून आत आसन आहे. हे आसन नुसतं दाखवायला ठेवलं असतं तर काम सोपं होतं. पण यंत्रमानवाचं डोकं, हात, बिजागऱ्या असं सगळं गाडीच्या पोटात दडवून वर माणसाला जागा ठेवायची, म्हणजे तसूतसूचा हिशेब. गेली बावीस वर्षं मी अशी खेळणी उघडतोय, जोडतोय. फेअरलेडीचे स्क्रू काढले की आजही मी आधी पाच मिनिटं नुसता बघत बसतो. बॉनेट छाती होतं, छप्पर पाठीवर जातं, दारं खांद्यांमागे पंखांसारखी उभी राहतात, गाडीचा मागचा भाग लांबून पाय होतात. यात निव्वळ भरीचा म्हणावा असा भाग सापडत नाही. शोजी कावामोरी आणि कोजिन ओनो ही या काळातल्या टाकाराच्या आरेखनाशी जोडली गेलेली नावं. त्यांच्या पिढीने संगणकाशिवाय, कागदावर आणि लाकडी-प्लॅस्टिकच्या नमुन्यांवर हे गणित सोडवलं.

मग ही गाडी जिवंत प्राणी कशी झाली? त्याचं उत्तर अमेरिकेत आहे. टाकाराने आधी डायाक्रॉन या नावाने ही खेळणी तिकडे विकून पाहिली, फारसं जमलं नाही. मग हॅस्ब्रो या अमेरिकी खेळणी कंपनीच्या लोकांनी ती टोकियोच्या खेळण्यांच्या प्रदर्शनात पाहिली. खेळण्यांचे संशोधक हेन्री ओरेनस्टाइन यांनी या व्यवहारासाठी जोर लावला. हे गृहस्थ पोलंडमध्ये जन्मलेले, नाझींच्या छळछावण्यांतून वाचलेले. हॅस्ब्रोने टाकाराचे साचे घेतले, पण गोष्ट घेतली नाही. चालक काढून टाकला. गाडी स्वतःच बोलते, विचार करते, भांडते असं ठरलं. मार्व्हल कॉमिक्सकडे पात्रं रचण्याचं काम गेलं. तिथल्या बॉब बुडियान्स्की यांनी बहुतेक नावं आणि स्वभाव लिहून काढले. ऑप्टिमस प्राइम हे नायकाचं नाव मात्र डेनी ओ'नील यांचं. 1984 मध्ये ही खेळणी ट्रान्सफॉर्मर्स या नावाने बाजारात आली तेव्हा 18 ऑटोबॉट, म्हणजे भले यंत्रमानव, आणि 10 डिसेप्टिकॉन, म्हणजे दुष्ट यंत्रमानव, होते. त्या 18 मध्ये 11 मोठ्या गाड्या होत्या, आणि त्या अकराच्या अकरा डायाक्लोनच्या कार रोबोतून आलेल्या.

तुमची पोलीस गाडी त्यांतली एक. तिचं ट्रान्सफॉर्मर्समधलं नाव प्राउल. शिस्तीचा, तर्काने चालणारा डावपेचकार. जपानी मुलासाठी हीच गाडी म्हणजे गस्तीवरचं एक यंत्र, ज्यात तो आपला इंचभर शिपाई बसवायचा. साचा एकच, फक्त गोष्ट बदलली, आणि आसन तसंच राहिलं. साचा बदलायला पैसे लागतात, गोष्ट बदलायला कागद पुरतो.

याचं सगळ्यात बोलकं उदाहरण म्हणजे आयर्नहाइड आणि रॅचेट हे दोन ऑटोबॉट. दोन्ही चेरी व्हॅनेटच्या साच्यातले. या खेळण्यांना नीट डोकंच नाही. समोरच्या काचेमागे आसन आहे आणि त्याच्यावर चेहऱ्याचा स्टिकर. कारण मुळात तिथे चालक बसायचा. ट्रान्सफॉर्मर्सच्या कार्टूनमध्ये त्यांना डोकं, चेहरा, आवाज सगळं दिलं गेलं. दूरचित्रवाणीवर पाहून ते खेळणं मागणाऱ्या पोरांना खोकं उघडल्यावर काय वाटलं असेल! पण मला ती व्हॅन फार आवडते. ती काहीही लपवत नाही.

बम्बलबी हा ऑटोबॉट एवढासा का, असं अनेक जण विचारतात. तो डायाक्लोनचा नाहीच. तो टाकाराच्या दुसऱ्या मालिकेतून, मायक्रो चेंजमधून आला. तिथली कल्पना वेगळी होती: घरातल्या वस्तू, त्यांच्या खऱ्या आकारातच, यंत्रमानव होतात. कॅसेट प्लेअर, पिस्तूल, आणि मुलांच्या खणातली बुटकी खेळण्यातली गाडी. म्हणजे बम्बलबी ही मोटारगाडी नव्हे, मोटारगाडीच्या खेळण्याचं सोंग घेतलेला यंत्रमानव. त्याच्या शेजारी प्राउल ठेवला की मापं जुळत नाहीत ती म्हणून.

आता वर्षांचा घोळ. पोटावरची 1980 आणि 1982 ही कॉपीराइटची वर्षं आहेत. खेळणं कधी तयार झालं, कधी विकलं गेलं याच्याशी त्यांचा थेट संबंध नाही. बम्बलबीच्या साच्यातल्या खेळण्यांवर तर 1974 हे वर्षही सापडतं, कारण मायक्रोमॅन या मूळ मालिकेपासूनचा हक्क तिथे नोंदवलाय. त्यामुळे 1980 चं दुर्मीळ खेळणं म्हणून कोणी तुम्हाला ते विकायला किंवा घ्यायला आलं तर ऐकून घ्या आणि सोडून द्या. मामांनी 1985 च्या सुमारास आणलं असेल तर ते त्याच सुमाराचं असण्याची शक्यता सगळ्यात जास्त. त्या वेळी अशी वस्तू आपल्याकडच्या दुकानात सहज दिसत नसे. ती परदेशातून येणाऱ्याच्या बॅगेतूनच यायची. आपल्याकडे एमआरएफ आणि हॅस्ब्रो यांच्या भागीदारीतून फनस्कूल ही कंपनी 1987 मध्ये स्थापन झाली आणि तिने गोव्यात कारखाना काढला. कोकणातल्या कित्येक घरांत आखातातून आलेला टेपरेकॉर्डर, अत्तर आणि असं एखादं खेळणं एकाच ट्रंकेत आलंय. माझ्याकडे दुरुस्तीला येणाऱ्या जुन्या वस्तूंमध्ये रत्नागिरी-रायगडचा वाटा मोठा आहे, तो यामुळेच.

अस्सल की नक्कल? नुसत्या शिक्क्यावर जाऊ नका. नकला बनवणारे मूळ खेळण्यावरूनच साचा काढतात, तेव्हा अक्षरंही उतरतात, फक्त त्यांच्या कडा बुजलेल्या असतात. नखाने चाचपून पाहा. अस्सल खेळण्यावरची अक्षरं बोटाला लागतात. दुसरी खूण बिजागऱ्यांची. अस्सल गाडीत दार बंद होताना हलकासा 'टक' होतो आणि चारही बाजूंची फट सारखी दिसते. साच्यावरून साचा काढला की प्लॅस्टिक थंड होताना किंचित आकसतं, आणि ते आकसणं फटींमध्ये दिसून येतं. तिसरी खूण म्हणजे टायर रबराचे असतात. चौथी, ऑटोबॉटचं लाल तोंड असलेला स्टिकर. तो असेल तर तुमची गाडी ट्रान्सफॉर्मर्स म्हणून विकली गेलेली. 1985 पासून काही खेळण्यांवर एक छोटा काळसर चौकोनही यायचा. बोटाने घासून ऊब दिली की त्यात चिन्ह उमटायचं. खऱ्याखोट्याची पारख म्हणूनच तो आणला होता. चाळीस वर्षांनंतर बहुतेक चौकोन आता उमटत नाहीत, तेव्हा त्यावरून निराश होऊ नका.

आणखी एक शक्यता तपासा. 2002 च्या सुमारापासून यातल्या बऱ्याच गाड्या जपान आणि अमेरिकेत पुन्हा काढल्या गेल्या. त्या नकला नव्हेत, अधिकृतच आहेत, पण जुन्याही नव्हेत. अमेरिकन पुनरावृत्तीतली क्षेपणास्त्रं सुरक्षेसाठी बरीच लांब केलेली असतात. मामांची आठवण पक्की असेल तर हा प्रश्न तुमच्यापुरता मिटतो.

फेअरलेडीच्या साच्यातून हॅस्ब्रोने तीन भाऊ काढले: पोलीस गाडी प्राउल, चंदेरी ब्लूस्ट्रीक, आणि 38 क्रमांक रंगवलेली शर्यतीची गाडी स्मोकस्क्रीन. ब्लूस्ट्रीकचं नावच निळं, खोक्यावरच्या चित्रातही तो निळा, आणि आत मात्र चंदेरी. निळा ब्लूस्ट्रीक ट्रान्सफॉर्मर्सच्या खोक्यात खरोखर कधी विकला गेला का, यावर संग्राहकांमध्ये अजून वाद रंगतात. कोणी तुम्हाला निळा देऊ लागला तर खिशाला हात घालण्याआधी दहादा विचार करा.

आता दुरुस्ती. इथे मी जरा सविस्तर लिहितो, कारण सर्वाधिक नुकसान माळ्यावर होत नाही, सापडल्यानंतरच्या पहिल्या दोन दिवसांत होतं.

पहिलं, आत्ता लगेच रूपांतर करून पाहू नका. चाळीस वर्षं एकाच अवस्थेत राहिलेल्या बिजागरीत धूळ आणि गंज यांची खळ तयार झालेली असते. जोर दिला की प्लॅस्टिक तुटतं, धातू नाही. फेअरलेडीच्या छपराचे खांब हे या साच्याचं ओळखीचं दुखणं आहे. बारीक खांब, त्यांवर छपराचा सगळा ताण. माझ्याकडे आलेल्या फेअरलेडींपैकी निम्म्यांहून जास्त गाड्यांचा एखादा तरी खांब गेलेला असतो. तुमचा तुटलेला तुकडा सापडला असेल तर एका डबीत जपून ठेवा. कापसात नको, टिश्यूपेपरमध्ये. कापसाचे धागे तुटलेल्या कडेत अडकतात आणि जोड नीट बसत नाही.

मऊ टूथब्रशने कोरडी धूळ झाडा. मग कोमट पाण्यात भांड्यांच्या द्रवसाबणाचा एक थेंब टाकून इअरबडने पुसा. स्टिकरच्या कडांपासून दूर राहा आणि गाडी पाण्यात बुडवू नका. आत लोखंडी स्क्रू आणि पिना आहेत, कोकणातल्या दमट हवेत त्या पुन्हा वाळायला दिवस लागतात. धातूचे भाग जस्ताच्या मिश्रधातूचे आहेत. त्यांवर पांढरी भुकटी दिसली तर तो ओलीचा परिणाम आहे, कोरड्या ब्रशने काढा.

कपडे धुण्याचा सोडा किंवा कुठलाही तीव्र क्लीनर वापरू नका. क्षेपणास्त्रांवर आणि काही भागांवर जी चमक दिसते ती क्रोमची नसून निर्वात पेटीत प्लॅस्टिकवर चढवलेल्या ॲल्युमिनियमच्या अतिशय पातळ थराची असते. अल्कली ॲल्युमिनियमला खाते. माझ्या सुरुवातीच्या काळात व्हीलजॅक नावाच्या अशाच एका गाडीची क्षेपणास्त्रं मी सोड्याच्या पाण्यात ठेवली. दहा मिनिटांनी बाहेर काढली तेव्हा ती राखाडी प्लॅस्टिकच्या काड्या झाली होती. ज्यांची ती होती त्यांना मी ते स्वतः जाऊन दाखवलं. त्यांनी काही म्हटलं नाही, पण तेव्हापासून कुणाचीही वस्तू हातात घेतली की आधी तिच्या चमकणाऱ्या भागांची यादी करतो.

स्क्रू काढायचे असतील तर जपानी मापाचा जेआयएस पेचकस मिळवा. आपला नेहमीचा फिलिप्सचा पेचकस त्या खाचेत पूर्ण बसत नाही, घसरतो आणि स्क्रूचं डोकं खातो. गंजलेला असेल तर शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब टोकावर सोडा आणि रात्रभर थांबा.

खांब जोडायला सुपरग्लू हा मोह होतो. त्याची वाफ आजूबाजूच्या पारदर्शक काचेवर आणि चमकणाऱ्या भागांवर पांढरं धुकं बसवते आणि ते सहजी निघत नाही. शिवाय हा जोड ताणाला टिकत नाही. एबीएस प्लॅस्टिक विरघळवून जोडणारं सिमेंट वापरा, आणि शक्य असेल तर दोन्ही तुकड्यांत अर्ध्या मिलिमीटरच्या ड्रिलने भोक पाडून पितळी तारेची पिन बसवा. ड्रिल मशीनने नाही, हाताने फिरवायच्या छोट्या चकने. घाई केली तर खांब उभा चिरतो. हे काम आधी एखाद्या मोडक्या खेळण्यावर तीन-चारदा करून पाहा, हात बसला तरच फेअरलेडीला लावा.

पिवळेपणाबद्दल माझं मत अनेकांना पटत नाही. ऊन, उष्णता आणि हवेतल्या ऑक्सिजनमुळे एबीएसमधला रबरी अंश बदलतो आणि पांढरं प्लॅस्टिक पिवळं होतं. एकाच गाडीत दार पिवळं आणि बॉनेट पांढरं असं दिसतं, कारण प्लॅस्टिकचे घाणे वेगळे असतात. केस रंगवायच्या दुकानात मिळणारं 12 टक्क्यांचं हायड्रोजन पेरॉक्साइडचं क्रीम लावून, पातळ प्लॅस्टिकच्या कागदात गुंडाळून उन्हात ठेवलं की रंग उतरतो, हे खरं आहे. पण त्यासाठी सगळे भाग सुटे करावे लागतात, स्टिकर काढावे लागतात, क्रीम कमी-जास्त लागलं तर ढगांसारखे पट्टे उमटतात आणि काळ्या भागावर पडलं तर तो फिका होतो. इतकं करूनही काही वर्षांत पिवळेपणा परत येतो, अंधारात ठेवलं तरी. मूळ स्टिकर शाबूत असतील तर मी हात लावत नाही. पिवळ्या दारावरचा मूळ पोलीस स्टिकर मला शुभ्र दारावरच्या नव्या छापील स्टिकरपेक्षा लाखपटीने प्रिय आहे. करायचंच ठरवलंत तर हातमोजे आणि चष्मा घाला आणि मुलाला त्या दिवशी गच्चीवर येऊ देऊ नका.

ठेवायचं कुठे? खिडकीच्या उन्हापासून लांब, काचेच्या कपाटात, सोबत सिलिका जेलची पुडी. पावसाळ्यात पुडी दोनदा बदला. मऊ पीव्हीसीच्या पिशवीत कधीही घालू नका. त्या पिशवीतून पाझरणारं द्रव्य प्लॅस्टिकला आणि स्टिकरला चिकटतं. टायरही असेच वागतात, म्हणून गाडी थेट रंगवलेल्या फळीवर न ठेवता खाली जाड कागद घाला.

किमतीचा आकडा मी सांगणार नाही, खोकं नाही, क्षेपणास्त्रं नाहीत, खांब तुटलाय अशा अवस्थेत तो फार मोठा असणार नाही. खोकं, सूचनापत्रक, खोक्याच्या पाठीवरचा पात्राच्या गुणांचा तक्ता, तो वाचायची लाल पारदर्शक पट्टी, न लावलेले स्टिकर असं सगळं असलं की किंमत चढते. तुमच्याकडे आहे ती गाडी आणि ती कोणी, कुठून, कधी आणली हे माहीत असणं. विकू नका असं माझं सांगणं आहे. मामा हयात असतील तर त्यांना विचारून एका चिठ्ठीवर सगळं लिहून घ्या आणि ती गाडीजवळ ठेवा.

मुलाच्या हातात द्यावी का? एकट्याच्या हातात नको. त्या काळी छोट्या क्षेपणास्त्रांमुळे मुलांच्या घशाला धोका होतो हे अमेरिकेत लक्षात आलं होतं, म्हणून तिथल्या आवृत्तीतल्या स्प्रिंगा मुद्दाम ढिल्या केल्या गेल्या. क्षेपणास्त्र उडण्याऐवजी समोर गळून पडतं. तुमच्याकडे ती नाहीतच, पण तुटलेल्या कडा आहेत आणि सहा वर्षांच्या मुलाला बिजागरीची मर्यादा कळत नाही. त्याच्यासाठी आजचा एखादा प्राउल आणा, तो आपटला तरी चालेल. मामांची गाडी खांब जोडून झाल्यावर रविवारी दोघांनी मिळून उघडा. आधी दोन्ही दारं पूर्ण उघडा, मगच छपराकडे जा, आणि छपराला टोकाला न धरता मुळाशी, बिजागरीजवळ धरा. मुलगा रिकाम्या आसनाबद्दल विचारणारच. त्याला त्या इंचभर शिपायाबद्दल सांगा. हवं तर मातीचा एक करून बसवू द्या, फक्त माती पूर्ण वाळलेली असू दे.